मालवणचें पाणी आणि आमचे पाय

गेल्या अंकांत आम्हीं संक्रांतीच्या वाणांविषयीं लिहिलें, त्यावर बरींच पत्रें आलीं. त्यांचा परामर्श पुढील अंकीं घेऊं. तोंवर वाचकांना एक निराळीच हकीकत ऐकवितों. ती ऐकविण्याचें कारण असें कीं, तींत आमच्या हातून, खरें म्हणजे आमच्या पायांकडून, एक अपराध घडला. आणि तो घडला तेव्हां आमची बारा वर्षांची नात तेथें हजर होती.

वऱ्हाडच्या माणसाचा आणि समुद्राचा संबंध तो किती! खारें पाणी आम्हांस अगदींच अपरिचित आहे असें मात्र नाहीं. पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्ट्यांत, विशेषतः अकोल्याकडे, अशीं कित्येक गांवें आहेत कीं तेथील विहिरीचें पाणी चहालाही चालत नाहीं. पण तें पाणी पोहऱ्यानें वर येतें. आपण त्यांत उतरत नाहीं. पोहणें म्हणजे आमच्या पिढीस कमरेला दोर बांधून विहिरींत घेतलेली उडी, आणि आमच्या मातोश्रींस विहिरीचें भय असल्यामुळें तीही आमच्या वांट्यास आली नाहीं. सारांश, सदुसष्ट वर्षांच्या आयुष्यांत आमच्या नाकातोंडांत पाणी गेलें असेल तें फार तर नर्मदेच्या घाटावरील बुडीच्या वेळीं.

तेव्हां या खेपेस आमच्या अकोल्याच्या धाकट्या बंधूंनीं सहकुटुंब मालवणास जाण्याचा बेत मांडला, त्यास आम्हीं रुकार दिला तो केवळ सिंधुदुर्ग किल्ल्यासाठीं. कुरटे नांवाच्या बेटावर १६६४ सालीं महाराजांनीं ज्याचा पाया घातला, ज्याच्या चिऱ्यांच्या सांध्यांत शिसें ओतलें, आणि चहूंकडे खारा समुद्र असतांना ज्याच्या पोटांत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, तो किल्ला पाहिल्यावांचून मरूं नये, असें आम्ही वर्गांत पस्तीस वर्षें सांगत आलों होतों. स्वतः मात्र पाहिला नव्हता. मुलांचा डोळा किल्ल्यावर नव्हता. त्यांना किल्ल्याच्या पाठीमागें समुद्रांत उतरून तळाचीं पोवळीं पाहावयाचीं होतीं. याला स्नॉर्केलिंग म्हणतात, हें आम्हांस गाडींत बसल्यावर समजलें.

बडनेऱ्यास आम्ही पांच जण चढलों, अकोल्यास बंधूंकडील चार. कोंकणांत जाणारी ही गाडी वऱ्हाडांतून थेट कुडाळास नेते, ही मोठी सोय झाली आहे. कुडाळाहून मालवण सुमारें तीस किलोमीटर. मालवणांत शाकाहारी माणसाची उपासमार होते हा आपल्याकडील समज अगदीं खोटा; आम्हांस तेथें जें जेवण मिळालें त्यांतील सोलकढीची आठवण घरीं अजून निघते.

नळीचा प्रश्न मात्र आदल्या रात्रींच उपस्थित झाला. स्नॉर्केल म्हणजे एका टोकास वांकलेली नळी. तिचें एक टोंक दांतांत धरावयाचें, दुसरें पाण्याबाहेर राहतें. डोळ्यांवर आणि नाकावर कांच बसवितात. तोंड खालीं करून पालथें तरंगावयाचें आणि तोंडानें श्वास घ्यावयाचा. इतकें ऐकून आमच्या घरांतून पहिला सवाल आला तो असा : ‘‘ती नळी आधीं कोणाच्या तोंडांत होती?’’ प्रश्न बिनतोड होता. नळी औषधी पाण्यांत धुतात असें सांगून पाहिलें, पण शेंकडों लोकांची उष्टी नळी ती उष्टीच, यावर त्या ठाम राहिल्या व किनाऱ्यावर कपडे सांभाळण्याचें काम त्यांनीं आपल्याकडे घेतलें. सूनबाई धोरणी. तिनें मुलांसाठीं दोन नळ्या अमरावतीहूनच घेऊन ठेवल्या होत्या. ज्यांना विटाळाची पर्वा नसेल त्यांनींही आरोग्याच्या दृष्टीनें असेंच करावें, असें आम्हांस वाटतें. आम्हीं मात्र होडीवाल्याची नळी घेतली.

आमचे हाल नाकानें सुरू झाले. रोज पहांटे प्राणायाम करणाऱ्या माणसाचें नाकच कांचेंत कोंडून टाकल्यावर त्याची काय अवस्था होणार! पूरक तोंडानें, रेचकही तोंडानें, आणि मध्यें कुंभक आपोआप, भीतीनें. होडीवरचा मुलगा पंचविशीचा असेल. त्यानें आमचा हात धरला आणि म्हणाला, ‘‘आजोबा, मी आसंय मां!’’ अंगांत तरंगतें जाकीट, हाताशीं रबराची ट्यूब आणि हा धीर, एवढ्या भांडवलावर आम्ही पाण्यांत उतरलों. आमच्या आधीं आमच्या बंधूंची पत्नी उतरली होती. वय छप्पन्न, अंगांत सलवार-कमीज, आणि पोहण्याचा अनुभव आमच्याइतकाच, म्हणजे शून्य. तिनें एकदां तोंड पाण्यांत घातलें तें पुष्कळ वेळ वर काढलेंच नाहीं. बंधु घाबरून हांका मारूं लागले. वर आल्यावर ती एवढेंच म्हणाली, ‘‘भाऊजी, आधीं पाहा, मग भ्या.’’

आम्हीं पाहिलें. पाणी पुरुषभर, फार तर दोन पुरुष. थोडेंसें गढूळ, जसें हिरव्या कांचेच्या बाटलींतून दिसावें तसें. खालीं खडक, आणि खडकांवर जीं आम्ही प्रथम नुसतीं दगडांचीं ढेकळें समजलों तीं. कोणी पालथ्या घागरीएवढें, कोणी परातीसारखें पसरट, कोणाच्या अंगावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखीं घरें. रंग भडक नव्हते : तपकिरी, पिवळसर, फिकट हिरवा. चित्रांतून पाहिलेल्या अंदमानच्या बागा येथें शोधूं नयेत. मालवणच्या समुद्रांत गाळ अधिक. त्या गाळांत तग धरणाऱ्या, घट्ट बांध्याच्या जाती येथें नांदतात. पण त्या ढेकळांच्या भोंवतीं काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे जे फिरत होते, ते आमच्याकडे जराही लक्ष न देतां आपापल्या कामांत मग्न होते. आपण कोणाच्या तरी घरांत न विचारतां शिरलों आहों, असें वाटून आम्ही ओशाळलों.

येथें थोडें विषयांतर करतों. पोवळ्याला अमरकोशांत विद्रुम व प्रवाल असे दोन्ही शब्द आहेत. विद्रुम म्हणजे विशेष प्रकारचा द्रुम, झाड. प्रवाल म्हणजे कोवळी पालवीही होते. हें समुद्रांतील झाड आहे, अशी कल्पना या नांवांतच आहे, आणि ती केवळ आपल्याकडेच होती असें नाहीं. युरोपांतही अठराव्या शतकापर्यंत विद्वान् त्याला वनस्पतीच मानीत. मार्सेय येथील पेसोनेल नांवाच्या वैद्यानें हीं फुलें नसून प्राणी आहेत असें प्रथम सांगितलें, तेव्हां पॅरिसच्या पंडितांनीं त्याचें म्हणणें मनावर घेतलें नाहीं. आम्हीं स्वतः कित्येक वर्षें नवरत्नें शिकवितांना पोवळ्याची गणना पाचू-माणकांबरोबर करून मुलांना पुढें नेलें. तो दगड आहे असें आम्हीं स्पष्ट सांगितलें नसेल, पण नाहीं असेंही सांगितलें नाहीं.

खरा प्रकार असा आहे. पोवळें म्हणजे एक प्राणी नव्हे, प्राण्यांचें खटलें. त्यांतील एकेक जीव बहुधा तांदळाच्या किंवा मुगाच्या दाण्याएवढा, मऊ, तोंडाभोंवतीं बारीक हात असलेला. तो समुद्राच्या पाण्यांतून चुना घेऊन आपल्या बुडाखालीं त्याची वाटी बांधतो. त्याच्या शेजारीं दुसरा, त्याच्या शेजारीं तिसरा. एका वाटीवर दुसरी. वरचा पातळ थर तेवढा जिवंत असतो, खालीं पूर्वजांनीं बांधलेलें घर. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या आमच्या वाचकांस ही व्यवस्था समजावयास कठीण पडूं नये. शिवाय त्या प्रत्येक जीवाच्या अंगांत अतिसूक्ष्म शैवाल वसतीस असतें. तें सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतें व त्यांतील मोठा वांटा घरधन्याला देतें. पोवळ्याचा रंगही बराचसा या पोटभाडेकरूचाच. म्हणून उथळ, उजेडाचें पाणी त्याला लागतें. घुमटासारखें वाढणारें पोवळें वर्षाकांठीं सुमारें एक सेंटिमीटर, कित्येकदां त्याहूनही कमी वाढतें. घागरीएवढें जें ढेकूळ आम्हीं पाहिलें, तें आमच्या लग्नाच्या वेळीं लिंबाएवढें असेल.

आतां अपराध. पंधरा-वीस मिनिटें झालीं असतील. ओहोटीची वेळ होती आणि खडक कांहीं ठिकाणीं कमरेइतक्या पाण्यावर आले होते. एक लाट आली, नळींत पाणी शिरलें, तें घशांत गेलें. होडीवरच्या मुलानें आधीं शिकविलें होतें कीं, नळींत जोरानें फुंकर मारावी म्हणजे पाणी उडून जातें. पण त्या क्षणीं तें कोणाला आठवतें! आम्हीं ट्यूब सोडली आणि पाय खालीं टाकले. पाय टेंकले. टेंकले आणि पापड मोडावा तसें कांहीं तरी त्यांखालीं मोडलें. आम्ही उभे राहून खोकूं लागलों. खोकला थांबल्यावर खालीं पाहिलें तों परातीसारख्या त्या पोवळ्याची चार बोटें कड निखळून पडली होती, आणि तुटल्या जागीं आंतला चुना पांढरा स्वच्छ दिसत होता.

नात चार हातांवर तरंगत होती. ती पाण्यांत कांहीं बोलली नाहीं. होडींत आल्यावरही नाहीं. आमच्या पोटरीस खरचटलें होतें, तें पाहून तिनेंच गोड्या पाण्याची बाटली पुढें केली. (पोवळ्याचा ओरखडा लहान दिसला तरी ताबडतोब पुष्कळ पाण्यानें धुऊन काढावा, त्यांत बारीक कण राहतात आणि जखम चिघळते. आमच्या घरांतून हळद लागली, तरी दुसऱ्या दिवशीं डॉक्टरांकडे जावें लागलेंच.) रात्रीं जेवणें झाल्यावर तिनें विचारलें, ‘‘आजोबा, पुस्तकाला पाय लागला तर तुम्ही आम्हांला नमस्कार करायला लावतां. याला लागला तर काय करायचें?’’

आम्ही निरुत्तर झालों. बंधु मदतीस धांवले व म्हणाले, अग, तो दगडच कीं! तेव्हां त्या पोरीनें त्यांच्या अनामिकेकडे बोट दाखविलें. मंगळाची पीडा निवारण्यासाठीं आमचे बंधु गेलीं वीस वर्षें पोवळ्याची अंगठी घालतात. ‘‘मग तुमची ही अंगठी प्राण्याच्या हाडाचीच, धाकटे आजोबा,’’ असें ती म्हणाली. घरांत कांदा-लसणावरून चातुर्मास कडक पाळणारे आमचे बंधु त्या अंगठीकडे पाहतच राहिले. न्यायासाठीं हें सांगितलें पाहिजे कीं, दागिन्यांतील तांबडें पोवळें मुख्यतः दूरच्या भूमध्य समुद्रांतून येतें; फार प्राचीन काळापासून व्यापारी तें आपल्या देशांत आणीत आले आहेत. मालवणच्या पोवळ्यांशीं त्याचें नातें चुलत-चुलत. पण प्राणी तो प्राणीच. अंगठी अद्याप त्यांच्या बोटांत आहे. शंखाचें काय, असा उलट प्रश्न त्यांनीं केला, तो आम्हीं पुढें ढकलला.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही एकटेच किनाऱ्यावर जाऊन त्या होडीवरच्या मुलास गांठलें आणि झालें तें कबूल केलें. तो हंसला. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें : आजोबा, तुम्ही एकदां उभे राहिलांत आणि विचारायला आलांत, येथें दिवसभर लोक फोटो काढण्यासाठीं मुद्दाम उभे राहतात. कोणी मासे जवळ यावेत म्हणून पाव आणि बिस्किटें टाकतो. नको म्हटलें तर पुढच्या खेपेस दुसरी होडी करतो. त्याचा आजा रापण ओढीत असे, म्हणजे किनाऱ्यावरून गांवच्या गांव मिळून ओढतें तें मोठें जाळें. यांत्रिक नौकांचीं प्रचंड जाळीं समुद्रांत आल्यापासून रापणीस मासळी लागेनाशी झाली. त्यावरून येथें भांडणें झालीं, मोर्चे निघाले. सरकारनें २०१६ सालीं पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घातले. तोंवर त्याच्यासारखे पुष्कळ तरुण पर्यटकांच्या धंद्यांत शिरले होते. होडीवर कर्ज आहे. पावसाळ्याचे महिने धंदा बंद. म्हणून जे महिने हातीं लागतात त्यांत जितक्या खेपा होतील तितक्या करावयाच्या. ‘‘तीं मेलीं तर आमीय मेलों,’’ असें तो म्हणाला, आणि मग नवीन आलेल्या मंडळींस जाकिटें वांटूं लागला.

हा सगळा भाग १९८७ सालापासून मालवण सागरी अभयारण्य म्हणून जाहीर आहे. सुमारें एकोणतीस चौरस किलोमीटर. अभयारण्य म्हटलें कीं मासेमाऱ्यांच्या पोटावर पाय येईल या भीतीनें स्थानिकांनीं त्यास सुरुवातीपासून विरोध केला, आणि तो विरोध समजण्यासारखा होता. कागदावर हद्द आखली म्हणजे पाण्यांत रेघ उमटत नाहीं. पुढें २००१ सालीं दगडी पोवळ्यांच्या साऱ्या जातींना वन्यजीव कायद्याचें संरक्षण मिळालें. तेव्हां आमच्या पायाखालीं जें मोडलें तें, कायद्याच्या दृष्टीनें, वाघाच्या पंक्तीस बसणारें होतें. हें समजल्यावर मेळघाटचे शेजारी म्हणून आम्हांस विशेष लाज वाटली.

कोणी म्हणेल, समुद्र एवढा मोठा, त्यांत एका म्हाताऱ्याच्या पायानें काय होणार? या म्हणण्यांत तथ्य आहे, आणि तेंच अधिक वाईट आहे. पोवळ्यांवर सर्वांत मोठें संकट पायांचें नाहीं, उष्म्याचें आहे. उन्हाळ्यांतील नेहमींच्या कमाल उष्णतेहून पाणी एखादा अंश अधिक तापलें आणि कांहीं आठवडे तसेंच राहिलें, कीं तें अंगांतलें शैवाल बाहेर पडतें. पोवळें पांढरें फटक होतें आणि उपासमार लांबली तर मरतें. १९९८ सालीं लक्षद्वीपांतील पोवळ्यांचा असाच संहार झाला, २०१० सालीं अंदमानांत झाला. जगभर अशी चौथी लाट चालू असल्याचें २०२४ सालच्या एप्रिलांत शास्त्रज्ञांनीं जाहीर केलें. तापलेल्या समुद्रास अमरावतीच्या ओसरीवरून वारा घालतां येत नाहीं. पण आजाऱ्याच्या उशाशीं बसलेल्या माणसानें निदान त्याच्या अंगावर पाय देऊं नये, एवढें आपल्या हातीं आहे.

कांहीं ठिकाणीं याची दक्षता कडक घेतात. सेल्युलर जेलच्या दर्शनास जाणारी आपल्याकडील पुष्कळ मंडळी तेथून पोवळ्यांच्या बेटांची एका दिवसाची फेरीही करते. त्यांतील जॉली बॉय नांवाचें बेट १९८३ सालीं स्थापलेल्या सागरी राष्ट्रीय उद्यानांत आहे. तेथें प्लॅस्टिकची बाटली नेऊं देत नाहींत, आणि ज्यांना पाण्यांत उतरावयाचें नसेल त्यांच्यासाठीं कांचेच्या तळाच्या होड्या आहेत. उन्हानें कातडी करपूं नये म्हणून लोक अंगास जीं मलमें चोपडतात, त्यांतील कांहीं द्रव्यें पोवळ्यांच्या पिलांना बाधतात असें आढळल्यावरून पलाऊ या चिमुकल्या बेटांच्या राष्ट्रानें २०२० पासून, आणि हवाईनें २०२१ पासून, त्या मलमांच्या विक्रीवर बंदी घातली. आपल्या बायकामुलांनीं लांब बाह्यांचे कपडे घालून उतरावें, म्हणजे मलमाची गरजही कमी आणि संकोचही कमी. आमच्या बंधूंच्या पत्नीनें नेमकें हेंच केलें होतें, आणि आम्हां सर्वांत तिनेंच अधिक पाहिलें.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे, आणि ती आम्हांस होडीवाल्यानेंच सांगितली. ज्याला तरंगतां येत नाहीं तो कितीही सज्जन असला तरी घाबरला कीं उभा राहतो. त्याला समजावून उपयोग नाहीं. त्या क्षणीं समजूत पायांपर्यंत पोंचत नाहीं. आमच्या नातवंडांचे पाय दोन तासांत एकदांही कशास लागले नाहींत, याचें कारण त्यांना अमरकोश ठाऊक होता हें नव्हे. दोन उन्हाळे तीं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या तलावांत पोहावयास शिकलीं होतीं एवढेंच.

येत्या मार्गशीर्षांत पुन्हां मालवणास जावें असें बंधूंच्या पत्नीच्या मनांत आहे, आणि अकोल्याचीं आणखी दोन बिऱ्हाडें तिनें आतांच तयार केलीं आहेत. आम्हांसही बोलावणें आहे. त्यास अनुसरून गेल्या सोमवारपासून आम्ही सकाळीं साडेसहा वाजतां पोहण्याच्या तलावावर जाऊं लागलों आहों. घरांतून प्रथम थंडीचें, मग वयाचें, मग लोकांचें कारण दाखविण्यांत आलें. तलावावर आमचे तीन माजी विद्यार्थी भेटले, पैकीं एक आमचा गुरु झाला आहे. पहिल्या दिवशीं आम्ही काठ सोडीनात. काल त्यानें घड्याळ लावून मोजलें : पालथे पडून, तोंड पाण्यांत घालून, पाय तळाला न लावतां, एक मिनिट आणि दहा सेकंद.